ज्याचा बिल्ला त्याने काढायचा

किसनने स्विचबोर्डाच्या खटक्याला सुतळीने पितळी बिल्ला अडकवला आणि मगच कॉम्प्युटरचं झाकण उचललं. बिल्ला जुन्या रुपयाएवढा, वर भोक पाडलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. तो खटक्यावर लोंबत असला की वीज चालू करायची नाही, हा त्या दुकानात एकट्या किसनचा कायदा होता. दुकानाचे मालक हासानंद शेठ या कायद्याला सोमवारपासून हसत होते. आज शनिवार होता आणि त्यांचं हसणं संपत आलं होतं.

"किसनभाऊ, ये डिब्बे में करंट कितना होता है? त्याच्यात मुंगी मरत नाही. और तू कारखाना खोल के बैठा है."

"सवय आहे शेठ."

"सवय छोड. पाच वाजता टेम्पो येईल."

किसनने मान हलवली आणि टॉर्च पेटवून आत डोकावला. त्याचं वय सेहेचाळीस. बावीस वर्षं अंबरनाथच्या एका फॅक्टरीत फिटर होता. दोन वर्षांपूर्वी फॅक्टरीला टाळं लागलं. बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमनची काठी धरली. किसनने अंबरनाथलाच कॉम्प्युटर दुरुस्तीच्या क्लासात नाव घातलं आणि मुलीच्या वयाच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसला. तो राहायचा त्या बुवापाड्यात चार दिवस तोच विषय होता. बायको द्रौपदी मात्र हसली नाही. दर जयंतीला विहारात 'शिकायला वय नसतं' म्हणून भाषण ठोकता ना, आता बसा, एवढंच म्हणाली आणि डबा भरून दिला.

शिकणं जमलं. काम मिळेना. चार दुकानांनी 'काका, आम्हाला पोरगा पाहिजे' म्हणून वाटेला लावलं. उल्हासनगरात कॅम्प तीनच्या या दुकानात हासानंद शेठनी आठवडाभर बघू म्हटलं. जमलं तर राहा, नाही तर सोमवारी येऊ नको. आठवड्याच्या शेवटी नशिबाला आलं ते हे मशीन.

मशीन आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यातलं. तीन वर्षांचं, म्हणजे या धंद्यात म्हातारंच. त्यात विंडोज ९५ घालायची होती आणि गोदामातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला वायरीने जोडायचं एक कार्ड बसवायचं होतं. विंडोज आत गेली. तेरा फ्लॉप्या तिने एकामागून एक निमूट गिळल्या. पण कार्ड बसवून मशीन चालू केलं की निळ्या आभाळातल्या ढगांचं चित्र यायचं आणि घोडं तिथंच पेंड खायचं. माऊस हलेना, बटण चालेना. सकाळपासून अकरा वेळा तेच झालं होतं.

असल्या मशीनमध्ये प्रत्येक वस्तूला मालकाला, म्हणजे आतल्या मुख्य चिपला, हाक मारायला एक नंबर लागतो. माऊसचा एक, प्रिंटरचा एक. दोघांनी एकाच नंबरावरून हाक मारली की मालक गोंधळतो आणि तोंड मिटून बसतो. किसनने वहीत नंबरांची यादी मांडली होती. तीनवर मागचं दुसरं पोर्ट, चारवर माऊस, सातवर प्रिंटर. नव्या कार्डाला तीन, चार, पाच आणि सात एवढेच नंबर चालत होते. पाच रिकामा होता, म्हणून कार्डाला पाच दिला. विंडोजला विचारलं तर तीही म्हणे, पाचवर दुसरं कुणी नाही. मग भांडण कुणाशी चाललंय, याचा पत्ता लागत नव्हता.

"कार्डच खराब असेल," शेठ म्हणाले. "दुसरं लाव."

"दुसरंही लावून बघितलं. तेच होतंय."

फॅक्टरीत मशीन अडलं की किसन एकेक गिअर सोडवत जायचा. इथेही त्याने तेच धरलं. मशीन उठताना एक जुनी यादी ओळीओळीने वाचतं. विंडोज आली तरी ती यादी तशीच मागे राहिली होती. त्याने बिल्ला काढला, मशीन चालू केलं आणि प्रत्येक ओळीला थांबून 'घेऊ का नको' विचारायला लावलं. पहिली ओळ घे, दुसरी घे, तिसरी घे, ढग आले आणि थिजले. पुन्हा पहिल्यापासून. आता पहिली सोड, बाकी घे. थिजलं. दुसरी सोड. थिजलं. शेठ गिऱ्हाइकाला कॅल्क्युलेटर दाखवून, विकून, दोन चहा पिऊन आले तरी किसन त्याच खुर्चीत त्याच पद्धतीने बसलेला होता. नववी ओळ सोडली, तेव्हा ढग आले, हलले, निघून गेले आणि पडद्यावर विंडोज हजर झाली.

शेठनी टाळीच वाजवली.

किसनने मात्र ती यादी उघडली. नववी ओळ कसल्यातरी कार्डाची होती, आणि ते कार्ड मशीनमध्ये नव्हतंच. कार्ड नसताना ती ओळ रोज सकाळी पाच नंबर अडवून बसत होती. आणि तिच्या डोक्यावर कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी चिठ्ठी लिहून ठेवली होती. पाच नंबर काट्याचा. काढू नये. हेमचंद्र.

"उडव ती लाइन," शेठ म्हणाले. "खेळ खल्लास."

किसनचं बोट बटणापाशी गेलं. मग त्याने हात उचलून मांडीवर ठेवला.

"शेठ, हा बिल्ला आहे."

"क्या?"

"आमच्या खात्यात मशीनच्या आत हात घालायचा तर आपल्या नंबरचा बिल्ला खटक्यावर लावायचा. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसरा कुणी काढणार नाही, मॅनेजर आला तरी नाही. हे या हेमचंद्रानं नाव घालून लावलंय. त्याला विचारल्याशिवाय काढता येत नाही."

"अरे, कॉम्प्युटर में किसका हाथ कटनेवाला है?"

"ते माहीत नाही म्हणूनच विचारायचं. आमच्याकडे सुदाम म्हणून होता. त्याचा बिल्ला लावलेला असताना काढला. डाव्या हाताची दोन बोटं गेली."

"किसने निकाला?"

"साहेबांनी सांगितलं होतं काढायला," किसन म्हणाला आणि फोन जवळ ओढला.

कारखान्याचा मॅनेजर फोनवर घाईत होता. हेमचंद्र? तो ऑफिसातला क्लार्क, दिवाळीत नोकरी सोडून गेला. काटा? वजनकाटा बिघडून पडलाय कधीचा. ती ओळबिळ काय असेल ती टाका काढून. पत्ता कशाला हवाय? चिखलोलीला राहतो, नव्या बिल्डिंगी झाल्यात तिथं, पिवळी बिल्डिंग. आणि मशीन आज पाचला पाहिजे म्हणजे पाहिजे.

"सुन लिया?" शेठ म्हणाले. "मालिक बोलतो काढ."

"हो. ऐकलं." किसनने वीज बंद केली आणि बिल्ला परत खटक्याला बांधला. "मी चिखलोलीला जाऊन येतो."

शेठ गल्ल्यामागून उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला आणि ते जास्त वाईट होतं.

"देख किसनभाऊ. दो मिनट का काम है. पाच वाजता हे मशीन तयार नसेल, तर सोमवारी तू येऊ नको. मग मला बोलू नको, शेठनी सांगितलं नव्हतं."

"नाही बोलणार. फक्त त्या बिल्ल्याला हात लावू नका."

तो बाहेर पडला तेव्हा दीड वाजत होता. एप्रिलचं ऊन तापलं होतं आणि सायकलची सीट तव्यासारखी झाली होती. त्याने डोक्याला रुमाल गुंडाळला. अंबरनाथपर्यंत पाय आपोआप चालत होते, रोजचीच वाट. पुढे बंद फॅक्टरीचं गेट लागलं. एरवी तिथून जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा. आज तेवढीही फुरसत नव्हती. शेठना ती ओळ पुसायला दोन मिनिटं पुरेशी होती, हा विचार मात्र चाकाला दोरी अडकावी तसा सारखा आडवा येत होता. घरी द्रौपदीला काय सांगायचं, हेही त्याने ठरवून टाकलं. खरं तेच सांगायचं. मग पायाला जरा हलकं वाटलं आणि त्याने जोर वाढवला.

चिखलोलीला पिवळ्या बिल्डिंगी तीन निघाल्या. तिसरीत, दुसऱ्या मजल्यावर हेमचंद्र सापडला. चाळिशीचा, हाडकुळा माणूस, बनियनवर, समोर पेपर पसरून मिक्सर उघडून बसलेला. किसनने आपलं नाव सांगितलं, दुकान सांगितलं आणि चिठ्ठीचं विचारलं. हेमचंद्रने हातातला स्क्रू पेपरवर ठेवला.

"काढली ती ओळ?"

"नाही. विचारायला आलो."

"मॅनेजर काय म्हणाले?"

"काढा म्हणाले."

"आणि तुम्ही उल्हासनगरहून सायकल मारत आलात? या उन्हात?"

"नाव लिहिलं होतं ना तुम्ही," किसन म्हणाला.

हेमचंद्र बोलायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली. पाणी पिऊन, एक तांब्या किसनपुढे ठेवून त्याने सांगायला सुरुवात केली.

काटा बिघडलेला नव्हताच. अ‍ॅसिडचं पिंप त्या काट्यावर चढवायचं, आणि ठरलेलं वजन कमी झालं की कॉम्प्युटर घंटी द्यायचा. घंटी झाली की माणसाने तोटी बंद करायची. काट्याची वायर ज्या कार्डाला जायची त्या कार्डाचे पाय वाफेने हिरवे पडू लागले. कॉम्प्युटरची खोली बदलणार होते, म्हणून हेमचंद्रने ते कार्ड काढलं, खोडरबरने घासलं, दुधाच्या पिशवीत गुंडाळून काट्याखालच्या खणात ठेवलं. नवीन खोली झाली की लावा, असं मॅनेजरला सांगून ठेवलं. त्या वाफेनेच छाती धरली, म्हणून दिवाळीत नोकरी सोडली.

"खोली झाली का नवीन?"

"मशीन वरच्या मजल्यावरून आणलं म्हणत होता टेम्पोवाला."

"म्हणजे झाली. आणि कार्ड विसरले." हेमचंद्र कपाळ चोळत राहिला. "आता तिथला गडी डोळ्यांनी काटा बघून अ‍ॅसिड सोडत असेल. सहा महिने."

किसनने तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं.

"मी पाच दुसऱ्याला दिला असता," किसन म्हणाला, "आणि पुढं कुणी तुमचं कार्ड लावलं असतं, तर?"

"दोघं अडले असते. घंटी वाजलीच नसती. आणि ती वाजणार म्हणून गडी पाठ करून उभा राहिला असता." त्याने किसनकडे पाहिलं. "तुमच्या कार्डाला पाचच पाहिजे?"

किसनने वही उघडून पुढे केली. हेमचंद्रने यादीवरून बोट फिरवलं आणि तीनवर थांबला.

"हा घ्या. दुसरं पोर्ट मोडेमसाठी मीच धरून ठेवलं होतं. मोडेम काही आला नाही. ते पोर्ट बंद करा, तीन तुमचा."

"म्हणजे मोकळा म्हणायचा?"

"मीच लावला होता, मीच सांगतो. मोकळा."

किसनने पेन काढून दिलं. "इथं लिहून द्या."

हेमचंद्रला हसू फुटलं, त्यातून पुन्हा खोकला आला. पण त्याने लिहिलं. तीन मोकळा. खाली सही केली, तारीख टाकली.

परत यायला पावणेपाच झाले. टेम्पो दुकानासमोर उभा होता. किसनने सायकल भिंतीला टेकवली आणि आत आला. मशीनचं झाकण तो सोडून गेला होता तसंच उघडं होतं. बिल्ला खटक्यावर लोंबत होता, सुतळीची गाठही त्याचीच. शेठ पेपर वाचत बसले होते. त्यांनी तेवढ्या वेळात त्या मशीनला हात का लावला नाही, हे त्यांचं त्यांनाच माहीत. किसन थेट मशीनपाशी गेला. बोलायला वेळ नव्हता.

कार्डावरची, त्याचा नंबर ठरवणारी, ज्वारीच्या दाण्याएवढी काळी टोपी त्याने चिमट्याने पाचवरून उचलून तीनवर बसवली. झाकण लावलं. बिल्ला काढून काउंटरवर ठेवला आणि मशीन चालू केलं. आधी दुसरं पोर्ट बंद केलं. मग यादी उघडून हेमचंद्रच्या चिठ्ठीखाली आपली एक ओळ जोडली. तीन नंबर वायरीच्या कार्डाचा. विचारल्याशिवाय काढू नये. किसन.

ढग आले. थांबले. टेम्पोवाल्याने बाहेर हॉर्न मारला. ढग हलले आणि विंडोज आली. माऊस फिरत होता, कार्ड जागेवर होतं, आणि पाच नंबर जुन्या मालकाची वाट बघत तसाच अडवलेला होता. किसनने रुमालाने तोंड पुसलं. डोळेही पुसले. उन्हातून आलेल्या माणसाला ते शोभून गेलं.

"टेम्पोबरोबर मीही जातो शेठ. काट्याचं कार्ड लावून देतो. माझ्या वाटेवरच आहे."

शेठनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं होती. त्यांनी नुसता हात हलवला. सोमवारचं ना त्यांनी काढलं, ना किसनने.

रविवारी द्रौपदीने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "राहिलं का काम?"

"गेल्यावर कळेल."

"बोलावलंय का उद्या?"

"नाही. पण जाणार. बिल्ला तिथं राहिलाय."

द्रौपदीने सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी किसन दहाला पाच कमी असताना दुकानात शिरला. बाकावर एक नवंच जुनं मशीन येऊन पडलं होतं. शेठपुढे दोन गोष्टी होत्या. एक किसनचा अर्ज, दुसरा बिल्ला.

"कारखान्यातून फोन आला होता," शेठ म्हणाले. "काटा चालू झाला. घंटी बजती है. मॅनेजर बोलतो, वो आदमी को थँक्यू बोलो."

"हां."

"एक बात बता. अर्जात तू आपला फॅक्टरीचा टिकट नंबर लिहिलाय. तीनशे अठरा." त्यांनी बिल्ला उचलून उजेडाकडे धरला. "इसपे दो सौ चौदा है. ये किसका?"

किसनला म्हणता आलं असतं की बदलून मिळाला होता, किंवा बाजारात मिळाला. शेठना काय कळणार होतं. तो उभ्या उभ्या काउंटरची कड धरून राहिला.

"सुदामचा."

"वो उंगलीवाला?"

"तो मशीनच्या खाली होता. बिल्ला लावलेला होता. साहेब म्हणाले, चहाला गेला असेल, काढ. मी काढला."

शेठनी बिल्ला उजेडातून खाली घेतला.

"मी विचारलं नाही. नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. दोन पावलांवर होता." किसनचा आवाज स्वच्छ होता, पण त्याने हात काउंटरवरून काढला नाही. "फॅक्टरी बंद झाली त्या दिवशी त्यानंच हा माझ्या खिशात घातला. म्हणाला, तुझा तू विसरशील. हा नाही विसरणार."

शेठनी बिल्ला काउंटरवर ठेवला, खुर्ची मागे सारली आणि आतल्या खोलीत गेले. किसन क्षणभर दाराकडे बघत राहिला. सायकल बाहेर होती, जायला किती वेळ लागणार. पण बाकावरचं मशीन तसंच पडलं होतं, आणि निघायला अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बिल्ला उचलला, सुतळीने खटक्याला बांधला आणि झाकणाचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

शेठ हातोडी घेऊन बाहेर आले. स्विचबोर्डाशेजारी, खटक्याच्या अगदी वर, त्यांनी एक खिळा धरला आणि तीन घावांत ठोकला. चुना उडून त्यांच्या बाहीवर पडला.

"सुतळीवरून पडेल कधीतरी," ते म्हणाले. "इथे लाव."

किसनने सुतळी सोडली आणि बिल्ला खिळ्याला लावला. मग परत येऊन झाकण उचललं आणि हात आत घातला.

थोड्या वेळाने शेठ पंखा वाढवायला बोर्डापाशी आले. बाजूच्या खटक्यापर्यंत सवयीने गेलेला हात त्यांनी मध्येच थांबवला.

"किसनभाऊ, चालू करू?"

"नको अजून."

"बरं," म्हणून शेठ दारात गेले आणि समोरच्या टपरीवाल्याला त्यांनी दोन चहा सांगितले.